कापशीचं उघडं पोट

आजारपणावर लिहायचं तर आजार स्वतःचा असावा, निदान बायकोचा तरी, असं मालवणला लागून असलेल्या आमच्या वायरी गावातल्या लोकांचं मत आहे. मांजराच्या आजारावर लिहिणारा माणूस त्यांना अजून भेटला नव्हता. आता भेटला. मी निवृत्त मास्तर. शाळेत विज्ञान शिकवायचो. माझ्या डोक्यावर केस नाहीत, आणि मधले काही महिने माझ्या मांजराच्या पोटावरही नव्हते. हा योगायोग गावाने मला पुरेपूर भोगायला लावला आहे, तेव्हा तुम्हालाही हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण तुमच्या घरातलं मांजर स्वतःला चाटून चाटून उघडं पडत चाललं असेल, तर हसून झाल्यावर पुढे वाचा. त्या दिवसांत मला असं काही वाचायला मिळालं असतं तर मी निम्मा गाढवपणा केला नसता. उरलेला निम्मा केलाच असता, तो अंगचा आहे.

घरकोंबडं मांजर

कापशी घराबाहेर जात नाही. तिच्या आधीचा आमचा बोका फाटकासमोर पर्यटकांच्या गाडीखाली गेला. तारकर्लीकडे जाणाऱ्या गाड्यांना समुद्र पळून जाईल अशी घाई असते. त्यानंतर आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुलभाने, ठरवलं की पुढचं मांजर उंबऱ्याच्या आतच राहील. मग कापसाचं बोंड फुटावं तशी पांढरीशुभ्र ही कापशी आली. शेजारच्या काकी अजून म्हणतात, "मांजर म्हणजे काय पोपट आसा, घरात कोंडून ठेवूक?"

आमच्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत आणि सुलभाच्या हातचं माशांचं ताट आहे. खोल्यांबद्दल पाहुणे काही बोलत नाहीत. येतात ते ताटासाठी. म्हणजे कापशीचा जन्म सार्थकी लागलेला. बांगड्याची डोकी, पेडव्याच्या शेपट्या, सुंगटांची टरफलं, सगळ्यावर तिचा पहिला मान. 

आषाढात एका सकाळी सुलभाची हाक आली. "अवो, हडे येवा बघू. हिच्या पोटावर केस नाय हत."

मी गेलो. पोट सोललेल्या कोंबडीसारखं गुलाबी. मागच्या मांड्या आतून तशाच. जखम नाही, पू नाही, नुसतं उघडं. माझा मेव्हणा नंदू तेव्हा ओट्यावर चहा पीत होता. तो बंदरावर असतो, होडीत भागीदार आहे. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भावोजीनू, तुमचे गेले ते बघून तिनाय काढून टाकल्यान काय?"

हाच विनोद पुढे मी सबंध गावाकडून ऐकला. प्रत्येकाला वाटे, आपल्यालाच सुचला.

मास्तरांचा प्रयोग

आयुष्यभर मी मुलांना फळ्यावर लिहून दिलं की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. स्वतःच्या मांजराच्या बाबतीत मी काय केलं ते ऐका.

आधी करंजेल. करंजाचं हे तेल आमच्याकडे गुराच्या खरजेवर चालतं, कुत्र्याच्या कानाला चालतं, मग मांजराला का नाही? मी ते तिच्या पोटावर चोळलं. ज्या प्राण्याचा आजारच चाटणं आहे, त्याच्या अंगाला मी चाटण लावून ठेवलं. तिने ते चाटलं, तोंडाला फेस आणला, नंतर माझ्या चपलेत ओकली. चपलेची निवड तिने विचारपूर्वक केली असणार.

मग मला सुचलं की चाटूच दिलं नाही तर? माझ्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता, तो गोल कापून तिच्या गळ्यात बसवला. पुढे कित्येक दिवस माझा गुडघा घरभर हिंडत होता, खुर्च्यांना आपटत होता.

तोवर श्रावण लागला होता. नंदूने तुळशीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या जनावराच्या वाटेक जो कोण आडवो इलो आसात, तेका सात दर्यापलीकडे न्हेऊन टाक रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणालो. विज्ञान शिकवणाऱ्याने म्हणू नये असं काही कुठे लिहिलेलं नाही. शेजारच्या काकींनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. सुलभा रोज कापशीपाशी बसून पाठ खाजवत गप्पा मारू लागली. मी चोरून थोडं थोडं तेल चालूच ठेवलं.

आणि कापशी बरी होऊ लागली. पोटावर आधी पांढरी लव, मग मऊ केस. एक्स-रे निघाला.

आमच्याकडे गणपतीत भजनाला माणसं जमतात. तिथे मी तिला दोन्ही हातांनी उचलली, मांडीवर उताणी केली आणि पोट सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, करंजेलची कमाल. नंदू म्हणाला, नारळाची. काकी म्हणाल्या, दृष्टीची. वाद वाढला. मी टाळ खाली ठेवला आणि भर सभेत बोलून गेलो, "आता परत हिचो एक केस जरी गेलो, तर मी स्वता हिका बंदरार नेऊन सोडतलंय!"

असं बोलायची काही गरज नव्हती. पण माणसं ऐकत असली की मला आवरत नाही.

परत गुलाबी

गणपती पोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी घरात मासे शिजले. पाहुणे परत सुरू झाले, ताटं लागू लागली. नवरात्राच्या सुमारास कापशीचं पोट पुन्हा उघडं. या वेळी बाजूलाही दोन चट्टे. 

तेल लावलं. नारळ झाला. दृष्ट काढली. काही नाही.

पुण्याकडच्या एक बाई ताटावर बसल्या होत्या. कापशी टेबलाखालून गेली तसे त्यांनी पाय वर खुर्चीवर घेतले. "काका, हे माणसांना होतं का हो?" मी म्हटलं, मला झालंय ते वयोमानानं. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुक्काम आटोपता घेऊन गेल्या.

त्या दुपारी सुलभा भांडी घासता घासता म्हणाली, "माका तिचो राग नाय. पण लोक तिका बघतत, मगे ताट बघतत, आणि ताटातला तसाच ठेवन उठतत."

"मग काय करूया?"

"भजनात बोललास ता तुमी. मी तेव्हाय काय बोलाक नाय, आताय बोलणंय नाय."

आमच्या संसारात एवढं वाईट वाक्य पूर्वी आलेलं नव्हतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

नंदू मात्र प्रेमानेच सांगत होता. "भावोजीनू, बंदरार मांजरांका काय कमी? होडी लागली की मासोच मासो. मोकळी ऱ्हवात, बरी होयत. घरात कोंडून खुळी झालीसा ती." नंदू वाईट माणूस नाही. त्याला खरंच वाटत होतं की तो कापशीला स्वर्गात पाठवतोय.

म्हणून मी एकदा तो स्वर्ग बघायला गेलो. दुपारची वेळ, होड्या लागत होत्या. मांजरं होती, भरपूर होती. एकाचा कान फाटलेला, एक तीन पायांवर, एक नुसतं लांब बसून बघणारं. माशाची पाटी उतरली की कुत्री आधी, मग दांडगे बोके, मग उरलं तर बाकीचे. आमची कापशी मिक्सर लावला तरी कपाटामागे जाते. मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या एका फुशारकीपायी हे मांजर इथे पहिला दिवससुद्धा काढणार नाही. घरी आलो आणि सुलभाला म्हटलं, "उद्या कुडाळाक जाऊया. डॉक्टराकडे."

"आता?" ती म्हणाली. "तेल संपला काय?"

मी ऐकून घेतलं. हक्क होता तिचा.

आंब्याच्या पेटीतून कुडाळला

मांजर न्यायला आमच्याकडे एकच वस्तू होती, हापूसची रिकामी लाकडी पेटी. वरून सुतळीने बांधली. स्कूटरवर मी पुढे, मागे सुलभा मांडीवर पेटी घेऊन. वाटेत कट्टा गावात एक जुना विद्यार्थी भेटला. "मास्तरानू, ह्या वक्ताक आंबे?" पेटीतून कापशी अशी काही ओरडली की तो दोन पावलं मागे गेला. सुलभा म्हणाली, "पिकले नाय हत अजून." त्या सबंध आठवड्यातलं तिचं ते पहिलं हसणं.

जनावरांच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. बाहेर एक बोकड, दोन कुत्रे आणि आम्ही. अशा ठिकाणी कोणी कुणाला हसत नाही. बोकडाच्या मालकाने पेटीत डोकावून विचारलं, "काय झाला गो हिका?" आणि सुलभाने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. इतके दिवस ती कुणाशी याबद्दल बोललीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरबाईंनी कापशीला टेबलावर घेतलं, पोटावरून उलटा हात फिरवला. "सर, इथे बोट लावा. खुंट लागतात ना? केस मुळातून गळलेले नाहीत. तिने चाटून तोडलेत."

"पण आम्ही तिला एवढं चाटताना कधी पाहिलंच नाही."

"तुमच्यासमोर नसेल चाटत. पुष्कळ मांजरं लपून चाटतात."

मग त्यांनी बारीक दातांची फणी फिरवली, पिसवा आहेत का बघितलं. मांजर चाटताना पिसू गिळून टाकतं, त्यामुळे दिसली नाही म्हणजे नाहीच असं नसतं, म्हणून मानेवर औषधाचे थेंबही घातले. घरातल्या मांजरालाही पिसवा होतात, आपल्याच पायांबरोबर येतात. बुरशी आहे का ते दिवा धरून आणि केस तपासून पाहिलं. लघवी तपासली, कारण आत मूत्राशय दुखत असलं तरी मांजर पोटच चाटत बसतं. घरात काही बदललंय का, भिंतीवर परका बोका येऊन बसतो का, हेही विचारलं. मी म्हटलं, म्हणजे हिच्या मनाला काही लागलंय? त्या म्हणाल्या, "मनाला लागतंही. पण ते मी शेवटी धरते. आधी शरीर तपासायचं. मनावर ढकललं की शोधणं थांबतं."

हे वाक्य आमच्या माणसांच्या दवाखान्यांत लावावं, असं मला फार वाटलं.

मी करंजेलचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "सर, मांजराच्या अंगाला जे लावाल ते तिच्या पोटात जातं. तेल नाही, फिनेल नाही, माणसाचं मलम नाही, कुत्र्याचं पिसवांचं औषध तर अजिबात नाही. त्याने मांजरं मरतात." एक्स-रेचं मी सांगितलंच नाही.

"मधे कधी बरी होती का?"

"होती ना!" मी सरसावून बसलो. "श्रावणात. गणपतीपर्यंत एकदम छान. तेलाने..."

"श्रावणात काय खात होती?"

सुलभाचा हात हळूच तोंडावर गेला.

श्रावणात आमच्या चुलीवर मासा चढत नाही. गणपती जाईपर्यंत घरात मासळीचं नाव नाही. तेवढ्या दिवसांत पाहुणेही आम्ही घेत नाही. कापशीला उपाशी कसं ठेवायचं म्हणून सुलभाने सावंतवाडीच्या बाजारातून कोंबडीच्या मांसाचं सुकं पाकीट आणलं होतं. मी त्याला बिस्किटं म्हणून नाकं मुरडली होती. एवढे दिवस आम्ही तेलाला, नारळाला आणि दृष्टीला श्रेय वाटत बसलो. कापशीने आमच्याबरोबर श्रावण पाळला होता, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मासा?" सुलभा म्हणाली. "मांजराक मासो बाधता?"

"काहींना बाधतो. काहींना कोंबडी बाधते, काहींना दूध. खात्री झालेली नाही, करून बघायला हवं. दोन महिने कणभरही मासा नको. मी सांगते तेवढंच खाणं. नियम मोडला तर पुन्हा पहिल्यापासून."

बाहेर येऊन आम्ही स्कूटरपाशी उभे राहिलो. मालवणात राहून, माशांची ताटं वाढून पोट भरणाऱ्या घरात, मांजराला मासा बंद. मला हसू येत होतं आणि सुलभाला रडू. मग मला रडू आलं आणि तिला हसू.

फळा

मी घरात खडूने फळा लिहून लावला. "कृपया मांजरास मासे देऊ नयेत." पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. एकाने विचारलं, "काका, पुढे 'समुद्रास पाणी देऊ नये' असंही आहे का?" आहे म्हटलं, मागच्या बाजूला.

गावाने फार साथ दिली. मासेवाली फाटकातून ओरडून विचारी, "मास्तरानू, आज मांजराक उपास कसलो? संकष्टी?" काकींनी स्वच्छ सांगितलं की डॉक्टर मुंबईकडची असणार. नंदूला ते खरोखरच क्रूर वाटत होतं.

क्रूर होतंच. सुलभा मासे तळायला घेई तेव्हा कापशी मागच्या खोलीत बंद. ती दाराशी बसून असा आक्रोश करी की जेवणारे पाहुणे घास घेताना ओशाळत. दोन आठवडे गेले, तीन गेले, पोट तसंच. एके दिवशी तर चट्टा वाढलेला दिसला. सुलभा माझ्यावर डोळे रोखून म्हणाली, "कोण घालता हिका?"

"मी नाय!"

"हात दाखवा."

दाखवले. आणि मग मला आठवलं. जेवण झालं की मी आरामखुर्चीत बसायचो, हात नुसता पाण्याने ओला करून, आणि कापशी येऊन माझी बोटं चाटायची. आमचं ते वर्षानुवर्षांचं होतं. सुरमईचं तिखलं खाल्लेली ती बोटं! फळा लिहिणाऱ्याच्याच पाची बोटांवर मासा.

"मास्तर," सुलभा म्हणाली. नुसतं एवढंच. मग साबणाची वडी माझ्या ताटाशेजारी मिठासारखी वाढली जाऊ लागली. पुन्हा पहिला दिवस.

नंदू हारा घेऊन आला

दिवाळीनंतर एका सकाळी नंदू आला. हातात बांबूचा मोठा हारा, वर जाळी. 

"ताये, आता पुरे झाला," तो सुलभाला म्हणाला. "ती मासो मासो करून मरता. मी घेवन जातंय तिका बंदरार. भावोजींचो शब्दच आसा."

कापशी खिडकीत बसली होती. पोट उघडंच. माझ्याकडे दाखवायला एक नवा केस नव्हता, डॉक्टरांनी छातीठोक काही सांगितलेलं नव्हतं, आणि भर भजनात दिलेला शब्द होता. तो मोडायचा एवढंच माझ्या हातात होतं.

"नंदू," मी म्हटलं, "शब्द मी मोडतंय. सगळ्यांका सांग. काय म्हणतले? मास्तर खोटारडो? म्हणूदे. तू तिका खंय न्हेतंस माहीत आसा? जो मासो खाल्ल्यान तिची ही दशा झाली आसात, तेच्याशिवाय दुसरा काय नाय थंय."

"डॉक्टरांका काय कळता? बरी झाली काय ती?"

"नाय झाली. म्हणानच नाय देणंय."

नंदू सुलभाकडे वळला. हे मी सांगतो ते धीराने वाचा, कारण मी स्वतःही तिच्याकडेच बघत होतो आणि ती काय करील ते मला ठाऊक नव्हतं. तिचीच ताटं अर्धी परत येत होती. तिलाच सगळ्यांची तोंडं बघावी लागत होती.

सुलभाने भावाच्या हातातून हारा घेतला. मागच्या दारी गेली. परत आली तेव्हा हाऱ्यात आमच्या माडाचे नारळ होते, जाळी व्यवस्थित बांधलेली. हारा त्याच्या पायाशी ठेवून म्हणाली, "ह्या घेवन जा. वैनीक सांग, सोलकढी कर. आणि चाय घेतंस काय?"

नंदूने चहा घेतला. फुर्र फुर्र आवाज करत घेतला, रागावला की तो तसाच घेतो.

आता

थंडी सरता सरता कापशीच्या पोटावर लव आली. मग केस आले. एका बाजूचा चट्टा अजून विरळ आहे, तो तसाच राहील कदाचित. पाहुणे विचारतात, मी सांगतो: मासा बाधतो हिला. ते हसतात. हसू देत. ताटं मात्र रिकामी करतात.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पक्कं करायचं असेल तर एकदा थोडा मासा देऊन बघता येईल, खाज परत आली की शंकाच उरणार नाही. मी लगेच तयार झालो. भजनाला सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवायचं डोक्यात होतं. सुलभा म्हणाली, "पुरावो कोणाक होयो? तुमका. खाज कोणाक सुटतली? तिका. आमी नाय करणव ता."

तेव्हा पुरावा नाही. काकी अजून दृष्टच म्हणतात, नंदू नारळच म्हणतो. म्हणोत. तुमच्याकडे असं मांजर असेल तर तेल लावू नका, डॉक्टर गाठा, तिने काय खाल्लं आणि कुणाच्या बोटांवरून खाल्लं ते आठवा. नियम पाळायचा तर सगळ्या घराने पाळायला लागतो, आणि लागतो वेळ. त्या वेळात गाव हसतं, बायको गप्प होते, मेव्हणा हारा घेऊन येतो. मांजर देऊ नका.

आता स्वयंपाकघरात बांगडा तळला जातोय. मागच्या खोलीच्या दाराआड कापशी आम्हाला शिव्या घालतेय, आणि मी साबणाने हात धुऊन तिच्याकडे चाललोय, तिच्या शिव्या समोर बसून ऐकायला.